सर माल्कम कॅम्बेल : वेग आणि विवेक

काटकसर हा सद्गुण आहे, हे आपण बाळपणापासून ऐकत आलो आहो. परंतु विवेकाची साथ सुटली म्हणजे कोणताही सद्गुण दोषाच्या पंक्तीस जाऊन बसतो. शौर्याचा अतिरेक अविचार होतो, औदार्याचा अतिरेक उधळेपणा होतो, आणि काटकसर भलत्या ठिकाणी केली म्हणजे ती कधी कधी प्राणावर बेतते. कोठे हात आखडावा आणि कोठे तो मोकळा सोडावा, हे ज्यास कळले त्यासच काटकसर खऱ्या अर्थाने साधली असे म्हणावयास हरकत नाही. या सत्याचे प्रत्यंतर वायुवेगाने मोटार हाकणाऱ्या एका पुरुषाच्या चरित्रात पाहावयास मिळेल, असे सहसा कोणाच्या मनात येणार नाही. तथापि सर माल्कम कॅम्बेल यांचे चरित्र नेमका हाच धडा शिकविते. इ. स. १९२४ ते १९३५ या काळात त्यांनी जमिनीवरील वेगाचा जागतिक विक्रम नऊ वेळा आपल्या नावावर केला, आणि ताशी ३०० मैलांची मर्यादा ओलांडणारा पहिला मोटारचालक हा मान मिळविला. त्यांच्या मोटारीचे इंजिन, तिचा निळा रंग, तिची बाणासारखी आकृती यांचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. परंतु त्या अजस्र यंत्राचा सारा भार ज्या चार चाकांच्या रबरी टायरांवर होता, त्यांजकडे पाहिल्यावाचून हे चरित्र नीट उमगत नाही.

माल्कम कॅम्बेल यांचा जन्म इंग्लंडातील केंट परगण्यात चिझलहर्स्ट या गावी ११ मार्च १८८५ रोजी झाला. त्यांचे वडील विल्यम कॅम्बेल हे लंडनच्या हॅटन गार्डन या जवाहिऱ्यांच्या पेठेत हिऱ्यांचा व्यापार करीत असत. घरची सुबत्ता होती आणि माल्कम हा एकुलता एक पुत्र होता. अपिंगहॅम येथील विद्यालयात शिक्षण झाल्यावर, पुढे पेढी सांभाळावयाची या हेतूने वडिलांनी त्यास हिऱ्यांच्या व्यवहाराची माहिती करून घेण्यासाठी जर्मनीस पाठविले. परंतु तेथे त्या तरुणाचे मन हिऱ्यांपेक्षा दुचाकीत आणि मोटारसायकलीत अधिक रमले. मायदेशी परतल्यावर त्याने वडिलांची पेढी न धरता लंडनच्या लॉइड्स या विमा व्यवहाराच्या सुप्रसिद्ध संस्थेत उमेदवारी पत्करली. पहिली दोन वर्षे त्यास एक छदामही वेतन मिळाले नाही. तिसऱ्या वर्षी आठवड्यास एक पौंड मिळू लागला. श्रीमंताच्या मुलाने दोन वर्षे बिनपगारी राबावे, यावरूनच त्याच्या चिकाटीची कल्पना येते.

या विम्याच्या धंद्यानेच त्यांना स्वकष्टाचे द्रव्य मिळवून दिले. वृत्तपत्रांवर अब्रूनुकसानीचे खटले होत आणि त्यांत मालकांस मोठा भुर्दंड पडे. अशा आपत्तीपासून वृत्तपत्रांस संरक्षण देणारा विमा काढावा ही कल्पना कॅम्बेल यांनी उचलून धरली आणि तीतून पुष्कळ पैसा मिळविला. विमेकऱ्याचे सारे शास्त्र एका प्रश्नाभोवती फिरत असते. संकट कितपत संभवनीय आहे, ते आल्यास हानी किती होईल, आणि आज थोडी किंमत मोजून ती हानी टाळता येईल काय? पुढील आयुष्यात कॅम्बेल यांनी जी साहसे केली, त्यांत उतावीळपणा दिसत नाही. प्रत्येक साहसामागे हा विमेकऱ्याचा हिशेब दिसतो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

तरुणपणी त्यांनी लंडन ते लँड्स एंड या लांबच्या मोटारसायकल चाचणीत लागोपाठ तीन वर्षे यश मिळविले. इ. स. १९१० पासून ते ब्रुकलँड्स येथे मोटारींच्या शर्यतीत भाग घेऊ लागले. इ. स. १९०७ मध्ये उघडलेली ही धावपट्टी मोटारींसाठी मुद्दाम सिमेंट-काँक्रीटची बांधलेली होती. त्या सुमारास लंडनच्या एका नाट्यगृहात मेटरलिंक या बेल्जियन नाटककाराचे निळ्या पाखरावरील नाटक चालू होते. सुखाचे प्रतीक असलेल्या त्या पाखराचा शोध हा त्या नाटकाचा विषय. ते पाहून कॅम्बेल इतके भारावले की त्यांनी आपल्या मोटारीस तत्काळ निळा रंग दिला आणि तिचे नाव ब्लू बर्ड असे ठेविले. पुढे त्यांच्या अनेक मोटारींनी आणि नौकांनी हेच नाव धारण केले. परंतु नावातील शुभशकुन चाकांना पुरला नाही. इ. स. १९१२ च्या ऑगस्टमध्ये ब्रुकलँड्स येथील एका शर्यतीत या मोटारीची एका बाजूची दोन्ही चाके मोडली. कॅम्बेल दैवयोगानेच वाचले. इंजिन कितीही बलवान असले तरी मोटारीचा जीव तिच्या चाकांत असतो, याचा पहिला पाठ त्यांना येथे मिळाला.

इ. स. १९१४ साली महायुद्ध सुरू होताच ते सैन्यात दाखल झाले. प्रथम मोटारसायकलवरून निरोप पोचविण्याचे आणि नंतर विमाने एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेऊन पोचविण्याचे काम त्यांनी केले. युद्ध संपल्यावर वेगाचा जुना छंद त्यांस पुन्हा ओढू लागला. सनबीम कंपनीची ३५० अश्वशक्तीची एक प्रचंड मोटार त्या वेळी गाजत होती. केनेल्म ली गिनेस यांनी इ. स. १९२२ मध्ये तिच्यावर ताशी १३३.७५ मैलांचा विक्रम केला होता. कॅम्बेल यांनी मालकांच्या मागे लागून ती मोटार विकत मिळविली. नवी मोटार घडविण्याचा अवाढव्य खर्च टाळून दुसऱ्याने वापरलेली मोटार घेणे, तिच्यात सुधारणा करणे आणि तिच्याकडून अधिक काम करून घेणे, ही त्यांची रीत होती. या गोष्टीचा उल्लेख पुढे पुन्हा यावयाचा आहे.

आता या चरित्रातील सर्वांत दुःखद प्रसंगाकडे वळले पाहिजे. डेन्मार्क देशात फानो नावाचे बेट आहे. तेथील समुद्रकाठची वाळू सपाट व घट्ट असल्याने मोटारींच्या धावांसाठी ती जागा प्रसिद्ध होती. इ. स. १९२३ मध्ये कॅम्बेल तेथे मोठ्या वेगाने धावले, परंतु वेळ मोजण्याचे यंत्र मान्यताप्राप्त नसल्याने त्यांचा विक्रम अधिकृत ठरला नाही. म्हणून पुढल्या वर्षी ते पुन्हा तेथे गेले. धाव पाहण्यासाठी लोकांची मोठी गर्दी जमली होती आणि ती धावपट्टीच्या अगदी जवळ येऊन उभी होती. लोकांना दूर ठेवावे अशी सूचना कॅम्बेल यांनी व्यवस्थापकांस आधीच दिली होती, परंतु तिचा म्हणावा तसा उपयोग झाला नाही. मोटार भरवेगात असता पुढल्या चाकाचा टायर ताण न सोसून कड्यावरून सुटला आणि गोफणीतून सुटलेल्या धोंड्यासारखा थेट गर्दीत जाऊन शिरला. त्याचा आघात एका लहान मुलावर झाला आणि तो मुलगा मरण पावला.

कॅम्बेल यांनी आधीच सावध केले असल्यामुळे त्यांच्यावर दोष ठेवण्यात आला नाही. परंतु दोष कोणाचा, हा प्रश्न सुटल्याने एका मातेचा मुलगा परत येत नाही. या प्रसंगातील मर्म असे की, मोटार चालविणारा मनुष्य आपला धोका जाणून बसलेला असतो; त्याने तो स्वखुशीने पत्करलेला असतो. वाळूवर उभ्या असलेल्या त्या बालकाने कोणताच धोका पत्करला नव्हता. टायर निकामी झाला म्हणजे त्याची किंमत नेहमी गाडीचा मालकच देतो असे नाही. रस्त्याच्या कडेने चालणारा निरपराध मनुष्यही ती देतो.

त्याच वर्षी २५ सप्टेंबर रोजी वेल्समधील पेंडाइन येथील वाळूवर कॅम्बेल यांनी ताशी १४६.१६ मैल वेग गाठून आपला पहिला अधिकृत विक्रम केला. पुढल्या वर्षी, म्हणजे १९२५ च्या जुलैमध्ये, तेथेच त्यांनी ताशी १५० मैलांची मर्यादा ओलांडली. इ. स. १९२७ च्या फेब्रुवारीत नेपियर कंपनीचे विमानाचे इंजिन बसविलेल्या नव्या ब्लू बर्डने ताशी १७४.८८ मैलांचा वेग गाठला. परंतु हा मार्ग किती निसरडा होता ते एका महिन्याच्या आतच दिसून आले. कॅम्बेल यांचे प्रतिस्पर्धी जॉन पॅरी-टॉमस यांचा ३ मार्च १९२७ रोजी पेंडाइन येथेच विक्रमाच्या प्रयत्नात अंत झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस मेजर हेन्री सीग्रेव्ह यांनी अमेरिकेतील डेटोना येथे ताशी २०० मैलांची मर्यादा ओलांडली. इ. स. १९२८ च्या फेब्रुवारीत कॅम्बेल यांनी डेटोना येथेच २०६.९५ मैलांचा वेग गाठून त्यांस मागे टाकले. त्यानंतर दोनच महिन्यांनी त्याच वाळूवर फ्रँक लॉकहार्ट हा तरुण अमेरिकन शर्यतवीर मागील टायर फुटल्यामुळे प्राणास मुकला. त्याची मोटार अत्यंत कुशलतेने घडविलेली होती. एका टायराने त्या साऱ्या कौशल्यावर पाणी ओतले.

टायराला इतके महत्त्व का, हे थोडे समजून घेणे अवश्य आहे. आपल्याकडे बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार लोखंडी धाव चढवितो. टायर म्हणजे मोटारीच्या चाकावरील हवा भरलेली रबरी धाव होय. मोटार केवढीही असो, तिचा प्रत्येक टायर कोणत्याही क्षणी अदमासे तळहाताएवढ्या जागेवरच जमिनीस टेकलेला असतो. गाडी पुढे ढकलणे, वळविणे आणि थांबविणे ही तिन्ही कामे एवढ्याशा चार ठिकाणांनीच करावयाची असतात. शिवाय चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात टायर जमिनीपाशी दबतो व पुन्हा फुगतो. लोखंडाची तार वारंवार वाकविली असता जशी ती तापते, तसाच टायरही या दबण्या-फुगण्याने तापतो. उष्णता वाढली की रबर आणि त्याच्या आतील दोऱ्यांचे थर यांची पकड सैल होऊ लागते. वेग जितका अधिक तितके फेरे अधिक, आणि तितकी उष्णता अधिक.

त्यात दुसरे एक संकट असते. दोरीला दगड बांधून फिरविला असता तो बाहेर ओढ घेतो, हे प्रत्येक मुलास ठाऊक आहे. चाकावरील रबरही तशीच ओढ घेते. चाकाचा व्यास तीन फूट आणि वेग ताशी तीनशे मैल धरला, तर चाक दर सेकंदास सत्तेचाळीस फेरे घेते, आणि त्याच्या कडेवरील प्रत्येक तोळाभर रबर बाहेरच्या बाजूस चार हजार तोळ्यांच्या, म्हणजे जुन्या मापाने सव्वा मणाच्या, जोराने ओढत असते. म्हणूनच विक्रमी मोटारींच्या टायरांवर रबराचा थर अगदी पातळ ठेवीत. सामान्य मनुष्यास वाटते की जाड रबर म्हणजे मजबूत टायर. येथे प्रकार उलटा होता. जाड थर स्वतःच्याच ओढीने फाटून निघाला असता. अशा टायरांचे आयुष्य वर्षांत नव्हे, मिनिटांत मोजावे लागे. डन्लॉप कंपनीने कॅम्बेल यांच्यासाठी असे टायर मुद्दाम तयार केले होते, आणि त्यांच्यामागे अनेक वर्षांचे प्रयोग होते.

इ. स. १९२९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील व्हर्नूक पॅन या ओसाड, कोरड्या मैदानावर त्यांनी प्रयत्न केला. तेथील जमिनीवरील अणकुचीदार खड्यांनी टायरांच्या चिंध्या केल्या आणि सीग्रेव्ह यांचा नवा विक्रम त्यांस मोडता आला नाही; लांब अंतराच्या विक्रमांवरच त्यांस समाधान मानावे लागले. इ. स. १९३० मध्ये सीग्रेव्ह यांचा विंडरमिअर सरोवरावर नौकेच्या अपघातात मृत्यू झाला. पुढे १९३१ च्या फेब्रुवारीत कॅम्बेल यांनी डेटोना येथे ताशी २४६.०९ मैलांचा विक्रम केला, आणि त्याच वर्षी त्यांस सर ही पदवी मिळाली. त्यानंतर १९३२ मध्ये २५३.९७ मैल, १९३३ मध्ये २७२.४६ मैल, आणि १९३५ च्या मार्चमध्ये २७६ मैलांहून अधिक, अशी त्यांची चढती कमान राहिली. परंतु तीनशे मैलांचे ध्येय डेटोनाची वाळू गाठू देईना. वाळूवर लाटांमुळे उंचवटे पडत, चाके जागच्या जागी गरगरत, आणि टायरांची साल सोलून निघे. इंजिनात जोर होता, पण तो जोर जमिनीपर्यंत पोचविणारी पकड नव्हती.

अखेर त्यांनी अमेरिकेतीलच युटा संस्थानातील बोनव्हिल येथील मिठाचे विस्तीर्ण मैदान निवडले. मीठ घट्ट, सपाट आणि थंड असल्याने टायरांस ते सोयीचे होते. ३ सप्टेंबर १९३५ या दिवशी ब्लू बर्ड तेथे उभी राहिली. विमानांच्या शर्यतीसाठी घडविलेल्या रोल्स-रॉइस इंजिनाची तिची शक्ती सुमारे २३०० अश्वशक्ती होती, आणि चाके गरगरू नयेत म्हणून मागील बाजूस दुहेरी चाके बसविली होती. नियम असा होता की, एका तासाच्या आत जाण्याची व येण्याची अशा दोन धावा पूर्ण कराव्या आणि दोहोंची सरासरी धरावी. पहिली धाव ताशी ३०४ मैलांच्या वेगाने झाली, परंतु तिच्या अखेरीस पुढील एक टायर फुटला. त्या वेळी मोटार सेकंदास चारशे फुटांहून अधिक अंतर तोडीत होती. कॅम्बेल यांनी विलक्षण धीराने तिला सरळ ठेवून थांबविले. यांत्रिकांनी लगबगीने चाके बदलली, आणि तास संपण्याच्या आत ते परतीच्या धावेस निघाले. ती धाव २९८ मैलांची झाली. वेळ मोजणाऱ्यांनी प्रथम सरासरी तीनशेहून किंचित कमी असल्याचे जाहीर केले. एवढे सारे करून हाती निराशा आली असे वाटले. परंतु हिशेब पुन्हा तपासता चूक उघडकीस आली, आणि खरा वेग ताशी ३०१.१२९ मैल, म्हणजे सुमारे ४८५ किलोमीटर, असल्याचे ठरले.

आता पूर्वी उल्लेखिलेल्या गोष्टीकडे वळू. कॅम्बेल हे उधळे नव्हते. सनबीम त्यांनी वापरलेली घेतली. रीड रेल्टन या कुशल अभियंत्याने १९३१ मध्ये सिद्ध केलेली ब्लू बर्ड त्यांनी १९३३ मध्ये आणि पुन्हा १९३५ मध्ये सुधारून वापरली. दर खेपेस नवी मोटार बांधण्याचा हव्यास धरला नाही. इंजिनेही विमानांच्या कामासाठी तयार झालेलीच त्यांनी मिळविली. सांगाडा जुना चालला, इंजिन दुसऱ्या कामासाठी घडविलेले चालले, परंतु टायरांच्या बाबतीत त्यांनी कधी हात आखडला नाही. एका धावेस वापरलेले टायर परतीच्या धावेस चालवावयाचे नाहीत, अशी दक्षता घेतली जाई. लिओ व्हिला हे त्यांचे निष्ठावंत यांत्रिक चाके बारकाईने तपासून पाहत. हिऱ्यांच्या व्यापाऱ्याचा मुलगा, विम्याचा धंदा केलेला मनुष्य, पैशाची किंमत जाणणारा; त्याने काटकसर कोठे केली आणि कोठे केली नाही, यातच त्याच्या विवेकाची परीक्षा झाली.

जमिनीवरचे ध्येय गाठल्यावर ते पाण्याकडे वळले, आणि १९३७ ते १९३९ या काळात त्यांनी जलवेगाचे चार विक्रम केले. त्यांतील शेवटचा, ताशी १४१.७४ मैलांचा, १९ ऑगस्ट १९३९ रोजी इंग्लंडातील कॉनिस्टन सरोवरावर झाला. वेगाच्या या यज्ञात त्यांच्या बरोबरीच्या अनेक वीरांची आहुती पडली. कॅम्बेल मात्र ३१ डिसेंबर १९४८ रोजी, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, आजारपणाने निवर्तले. त्यांचे पुत्र डोनाल्ड यांनीही जमीन व पाणी या दोहोंवर विक्रम केले, परंतु इ. स. १९६७ मध्ये त्याच कॉनिस्टन सरोवरावर त्यांस मृत्यूने गाठले.

या चरित्रापासून आजच्या गृहस्थाने काय घ्यावे? आज आपल्याकडील रस्त्यांवरही वेगवान स्पोर्ट्स मोटारी दिसू लागल्या आहेत. हौसेने अशी मोटार घेतल्यावर, टायर बदलण्याची वेळ आली म्हणजे त्यांची किंमत ऐकून मालक चपापतो, आणि निम्म्या किमतीत मिळणारे स्वस्त टायर घालावे काय, असा प्रश्न त्याच्या मनात उभा राहतो. या प्रश्नाचे उत्तर न्यायबुद्धीने दिले पाहिजे. स्वस्त टायर म्हणजे वाईटच, असे म्हणणे बरोबर नाही. गावात बेताच्या वेगाने चालणाऱ्या लहान मोटारीस योग्य मापाचा, योग्य भार पेलणारा, आयएसआय चिन्ह असलेला नवा स्वस्त टायर पुरेसा होऊ शकतो. झिजून गुळगुळीत झालेल्या महाग टायरापेक्षा तो शतपटीने बरा. परंतु स्पोर्ट्स मोटारीची गोष्ट वेगळी आहे. तिचे इंजिन जोरदार, तिचा वेग मोठा, तिची वळणे तीव्र. मोटार घडविणाऱ्यांनी तिचे लगाम आणि तिचे सुकाणू विशिष्ट पकडीच्या टायरांचा हिशेब करून बनविलेले असतात. स्वस्त टायरात जी बचत झालेली असते, ती बहुधा रबराच्या मिश्रणात आणि प्रयोग-परीक्षांत झालेली असते, आणि तिचा परिणाम कोरड्या रस्त्यावर फारसा दिसत नाही. तो दिसतो पावसात, अकस्मात लगाम दाबावा लागतो तेव्हा.

येथे एक लहानसे गणित विद्यार्थ्यांनी अवश्य करून पाहावे. एका टायराची ओल्या रस्त्यावरील पकड दुसऱ्यापेक्षा चतुर्थांशाने कमी आहे असे धरा. दोन सारख्याच मोटारी ताशी १०० किलोमीटर वेगाने धावत असता दोघांनी एकाच ठिकाणी लगाम दाबले. चांगल्या टायरांची मोटार ज्या जागी पूर्णपणे थांबते, त्या जागी दुसरी मोटार अद्यापि ताशी ५० किलोमीटर वेगाने धावत असते. पकडीतील उणीव पावपट, पण उरलेला वेग निम्मा! थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून असे घडते. त्या जागी जर एखादे शाळकरी मूल रस्ता ओलांडीत असेल, तर वाचलेल्या काही हजार रुपयांचा हिशेब कोणत्या वहीत मांडावयाचा?

टायराच्या कुशीवर त्याच्या मापाबरोबर एक इंग्रजी अक्षर कोरलेले असते. तो टायर किती वेग सोसू शकतो हे त्यावरून कळते. एच अक्षराचा टायर ताशी २१० किलोमीटरपर्यंत, व्ही २४० पर्यंत, डब्ल्यू २७० पर्यंत आणि वाय ३०० पर्यंत चालतो. मोटारीच्या माहितीपुस्तकात सांगितलेल्या अक्षरापेक्षा हलका टायर घालणे म्हणजे कड्यावरून सुटू शकणारा टायर आपल्या हाताने बसविणे होय. तसेच एकाच आसावर दोन निराळ्या जातींचे टायर घालू नयेत, हवेचा दाब नियमाने पाहावा, आणि खाचांची खोली १.६ मिलिमीटरवर येण्यापूर्वीच टायर बदलावा. ज्यास उत्तम टायरांचा खर्च झेपत नाही, त्यास ती मोटारच झेपत नाही, असे समजावे. त्याने थोडी साधी मोटार घ्यावी आणि तिला चांगले टायर घालावे. यात कमीपणा मुळीच नाही.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांजवळ आज सायकलीच आहेत. परंतु नियम तोच आहे. घंटा चकचकीत, दांड्यास नवा रंग, आणि टायर मात्र ठिकठिकाणी ठिगळे लावलेला, अशी सायकल उतारावरून सोडणे शहाणपणाचे नव्हे. दिखाऊ गोष्टींत बचत करा, हौसेत करा, कपड्यालत्त्यात करा. ज्या गोष्टीवर आपला आणि परक्याचा जीव टेकलेला आहे, तेथे ती करू नका. फानोच्या वाळूवर मरण पावलेल्या त्या अज्ञात बालकाचे स्मरण, तीनशे मैलांच्या विक्रमाच्या स्मरणाइतकेच, आपण मनात जतन करून ठेविले पाहिजे.